पृष्ठ दोनशे चौदा

रांचीत, कोकरच्या एका गल्लीत,
शिलाई मशीन दुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत
सलोमी एक्का पुस्तकांच्या सूची करते.
पानामागे बारा रुपये.
दिल्लीहून पैसे उशिरा येतात,
पुस्तकं वेळेवर.

या खेपेला माजी मंत्र्यांचं आत्मचरित्र.
सहाशे चाळीस पानं,
आणि कुठेही ताकाला तूर लागलेली नाही.
सरकार पडतं तेव्हा ते पूजेत असतात,
फाइल हरवते तेव्हा परदेशात,
आणि गोळीबार होतो तेव्हा
वाक्यातला कर्ताच निघून जातो :
'आदेश दिला गेला.'
कोणी दिला, ते व्याकरणाला ठाऊक.

सलोमी कार्डं भरते. तिला अजून कार्डंच लागतात.

अहंकार, विरोधकांचा : ४१, ७७, ३०२
आंबे, राज्यपालांना पाठवलेले : ११८
उपोषण – पाहा : संवाद
विस्थापित – पाहा : विकास
विकास : ठिकठिकाणी

दिल्लीत म्हणे लोक पुस्तक मागून उघडतात.
आधी आपलं नाव, मग वैऱ्याचं,
मग कोणाला किती पानं मिळाली त्याचा हिशेब.
त्यानंतर वाचायचं काही उरत नाही.

गेल्या हिवाळ्यात याच प्रकाशकाची कादंबरी
मुद्रितं तपासायला आली होती.
तिच्यात हाच मंत्री होता,
मिशा काढून, जात बदलून, दुसऱ्याच नावाचा.
पहिल्या पानावर नेहमीचं :
साम्य आढळल्यास तो योगायोग समजावा.
कादंबरीत त्याला झोप येत नव्हती.
धरणावरून हेलिकॉप्टरनं जाताना
पाण्यातून वर आलेला चिंचेचा शेंडा त्याला दिसतो
आणि तो पायलटला म्हणतो,
जरा उंच घ्या.

सलोमीनं तिथे समासात पेन्सिलीनं बारीक खूण केली.
चूक नव्हती.
नुसती खूण.
कादंबरीला सूची नसते.

आत्मचरित्रात तेच धरण दोनशे चौदाव्या पानावर येतं :
'जामडीह येथे काही लोकांनी विरोध केला.
त्यांची समजूत काढण्यात आली.'

जामडीहला ती चालायला शिकली.
वळचणीचं पाणी आढ्याला जात नाही म्हणतात.
तिथं गेलं.
आढ्यावरूनही गेलं, अखऱ्यावरून, चिंचेवरून,
फक्त शेंडा राहिला.
बाबांची समजूत
हजारीबागच्या तुरुंगात अकरा महिने काढण्यात आली.
सुटून आले तेव्हा डाव्या कानानं ऐकू येत नव्हतं.
बरंच झालं, म्हणायचे,
आता भाषणं अर्धीच ऐकावी लागतात.

रात्री दिवे गेले. मेणबत्तीशी तिनं एक कार्ड लिहिलं,
'एकजूट' आणि 'ऐतिहासिक विजय' यांच्या मध्ये सरकवलं.
एक्का, एतवा : २१४

चार दिवसांनी भटनागरांचा फोन.
सलोमीजी, दोनशे चौदावर हे नाव सापडत नाही.
'काही लोक' लिहिलंय ना तिथं?
हो, लिहिलंय.
तेच.

पलीकडे पंखा फिरत होता.
कोणीतरी चहा ठेवल्याचा आवाज आला.
मग ते घसा साफ करून म्हणाले,
मंत्रीजींनी एक छायाचित्र वाढवलंय तिथं, पूर्ण पान,
मागची बाजू कोरी.
पुढचे सगळे आकडे दोननं पुढे न्या.

तिनं नेले. ४४० कार्डं, दोन रात्री.
एक तेवढं तसंच ठेवलं.

छापून आलेल्या पुस्तकात दोनशे चौदावर आता
उद्घाटनाचा फोटो आहे.
कात्री अगदी स्पष्ट,
फीत स्पष्ट, बोटातली पुष्कराजाची अंगठी स्पष्ट.
मागे दोरखंडापलीकडे गर्दी, धूसर.
त्या गर्दीत एका माणसानं मान वळवलीय
आणि व्यासपीठाकडे
उजवा कान केलाय.